साक्षीदाराची बायको

मेव्हिसने पायपुसण्यावर बूट दोनदा घासले, तरी कचेरीच्या गालिच्यावर शेणाचा ठिपका पडलाच. वकील डिक्सनबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आयझॅकच्या मृत्युपत्राखालच्या सह्या पाहत होत्या.

"ही एक नर्सची. आणि क्लाइव्ह हॅरिसन कोण?"

"कोण म्हणजे? माझा नवरा."

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"मेव्हिस, आयझॅकनं शेत तुम्हालाच दिलंय. पण साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कायदाच आहे तसा."

"अहो, पण मी मुलगी ना त्यांची!"

"सावत्र. तुमचा वाटा रद्द झाला की मृत्युपत्र नसल्यासारखंच, मग कायदा रक्ताचं नातं बघतो. शेत त्यांच्या पुतण्याला जाणार."

पुतण्या! दफनालासुद्धा न फिरकलेला! मेव्हिसने त्या डोंगरावरच्या शेतात उभा जन्म काढला होता, बर्फात रुतलेल्या मेंढ्या उपसल्या होत्या, आयझॅकचं शेवटचं दुखणं एकटीने निभावलं होतं. तिला हसूच आलं.

परतताना गाडीत तिला ती सकाळ आठवली. वकिलाची फी वाचवायची म्हणून आयझॅकने दुकानातून छापील कागद आणवला होता. शेजारचा नॉर्मन सही करायला दारापर्यंत आलेला. "जा रे तू, तुझ्या मेंढ्या व्यायला लागल्यात," म्हणत क्लाइव्हनेच त्याला परत धाडलं होतं. क्लाइव्हचा जन्म वकिलांकडे कारकुनी करण्यात गेलेला, म्हणून आयझॅकही निर्धास्त होता.

विसरला असेल बिचारा. समुद्राकाठी लहानसं घर घेऊन राहू, असा त्याचा जुना हट्ट होता, मेंढ्यांच्या वासाने तो कावायचा. पण म्हणून काय! आपल्या एका सहीने शेत गेलं हे कळल्यावर तो किती हळहळेल, याचीच तिला काळजी लागली.

क्लाइव्ह स्वयंपाकघरात चहा ओतत होता.

"आलीस? बस आधी. पार गारठलीस." त्याने कप पुढे सरकवला. "मग, पुतण्या कधीपर्यंत घर खाली करा म्हणतोय?"

तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

कपाला हात न लावता तिने दारामागची आयझॅकची काठी उचलली आणि कुत्र्याला शीळ घातली.

"आता कुठे निघालीस? चहा गार होईल."

"नॉर्मनकडे," ती म्हणाली. "मला साक्षीदार लागणार आहे."