सहा-दोन फॅटचा पिक्चर

पुणतांब्याच्या मळ्याकडच्या दूध डेअरीवर सोमवारी सकाळी जेवढी गर्दी असते तेवढी बाकी कुठल्याच वारी नसते. दूध तेवढंच, गाई त्याच, काकासाहेबांचं फॅट मोजायचं मशीनही तेच. पण सोमवारी कानिफतात्या पिक्चर सांगतात. रविवारी दुपारचा खेळ श्रीरामपूरला जाऊन बघायचा आणि सोमवारी किटल्यांच्या रांगेत उभं राहून त्याचा निकाल द्यायचा, हा त्यांचा सव्वा वर्षाचा नेम.

निकालाची पद्धतही डेअरीचीच. पिक्चरमध्ये ऐवज किती, ती त्याची फॅट. त्यात पाणी घातलंय की नाही, ती त्याची डिग्री. मागच्या महिन्यात मारामारीचा एक पिक्चर आला होता, तर तात्या म्हणाले, "फॅट तीन, डिग्री बावीस. कॅनमधी वतायच्या लायकीचा न्हाई." झालं, गावातलं कुत्रंसुद्धा त्या पिक्चरकडे फिरकलं नाही. एका पोलिसाच्या पिक्चरला म्हणाले, "फॅट बरी हाय, पन गान्यांचं पानी लई वतलंय." काकासाहेब डेअरी चालवतात, हिशेबाला मोठे कडक, पण तेही मान डोलवून म्हणायचे, "तात्या, तुमच्या मापात कधी फरक न्हाई बरं."

फरक होता. चांगला अर्ध्याचा फरक होता. खरं सांगायचं तर सव्वा वर्षात तात्यांनी एकही पिक्चर इंटरवलच्या पुढे पाहिला नव्हता.

त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष तरी काय? पहाटे चारला उठायचं, गोठा झाडायचा, पाच गाईंच्या धारा, मग डेअरी, मग गुरांसाठी घास कापायचा. वर्षाला तीनशे पासष्ट दिवस. गाईला रविवार कळत नाही. असा माणूस बाहेरच्या उन्हातून एसीत येऊन मऊ खुर्चीत टेकला, इंटरवलला दोन वडापाव खाल्ले आणि वरून कोणीतरी दिवे मालवले, तर तो काय करील? तात्या झोपत. अगदी गाढ. झाडूवाला खुर्च्या आपटायला लागला की उठत, तोंडावर पाणी मारत, आणि श्रीरामपूर ते पुणतांबा मोटारसायकलवर उरलेला अर्धा पिक्चर स्वतःच तयार करत. पहिल्यांदा जरा लाज वाटली. दुसऱ्यांदा कमी वाटली. तिसऱ्यांदा तर त्यांना वाटलं की पिक्चरवाल्यांपेक्षा आपलाच हात चांगला बसलाय.

आणि हा पिक्चर पहिल्यांदा ऐकायची मनकर्णाबाई, त्यांची बायको. मुलगा रविराज चाकणला कंपनीत, घरात दोघंच. रविवारी संध्याकाळी धारा काढताना ती गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसायची आणि तात्या पलीकडच्या गाईखालून सांगत राहायचे. "मग?" ती विचारायची. "मग ती काय म्हनली?" लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्यातली एकतीस तरी घास, पेंड आणि गुरांचा डॉक्टर एवढ्याच विषयांवर गेली होती. आता रविवारची संध्याकाळ आली की मनकर्णाबाई लवकर चूळ भरून, पदर खोचून गोठ्यात हजर. तात्यांना ते फार आवडायचं. इतकं आवडायचं की खरं सांगायची हिंमत दर आठवड्याला थोडी थोडी कमीच होत गेली.

तर मे महिन्यातल्या एका सोमवारी तात्यांनी दोन जावांचा पिक्चर सांगितला. थोरली जाऊ कडक, धाकटी हसरी. अंगणात वाटणीची भिंत उभी राहते, धाकटी पोराला कडेवर घेऊन माहेरची वाट धरते, आणि इंटरवल. इथपर्यंत पिक्चर. इथून पुढे तात्या.

"मग थोरली काय करती? घरात कोनाला बोलत न्हाई. पहार घेती. चाळीस-पंचेचाळीसची बाई, पहार घेऊन एकटी भित पाडती. हाताला फोड आलेत, पन थांबत न्हाई. आन पडलेल्या भितीच्या इटा घेऊन चूल मांडती, एकच. दोघींची मिळून. मग एसटी अडवून धाकटीला म्हनती, चूल पेटवायची हाय, ये."

रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लंकाबाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट बाई, सुनेला अजून चहा नीट येत नाही म्हणून सहा वर्षं कुरकुरणारी. तिनेसुद्धा नाक ओढलं.

"फॅट किती, तात्या?" काकासाहेबांनी विचारलं.

तात्या भरात होते. "सहा-दोन," ते म्हणाले.

रांगेत कुजबुज झाली. सगळ्या गाईवाल्यांची डेअरी, साडेचारच्या वर कधी आकडा गेला नव्हता. सहा-दोन म्हणजे म्हशीची फॅट!

तिथेच घात झाला. लंकाबाईची सून मोनिका मोबाईल काढून म्हणाली, "आत्याबाई, जायचं का रयवारी? मी तिकिटं काढते." बघता बघता अकरा नावं झाली. छगनची पिकअप ठरली. आणि तात्या किटली उचलून निघणार, एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "मोनिका, मला पन धर गं."

मनकर्णाबाई! रिकामी किटली न्यायला ती कधी आली, ते तात्यांना कळलंच नव्हतं. बारावं नाव तिचं.

त्या आठवड्यात तात्यांनी करता येईल तेवढं केलं. "एसी लई गार असतो, तुझे सांधे धरतील," असं मंगळवारी म्हणाले. "शाल घेईन," ती म्हणाली. बुधवारी म्हणाले, "एकदा ऐकल्यावर बघन्यात काय मजा?" ती म्हणाली, "तुमी भित पाडायचं सांगितलं ना, ते मला बघायचंय." शुक्रवारी त्यांनी, तू नसलीस की चितकबरी गाय पान्हा चोरते, असं सांगून पाहिलं. "मग तुमी जरा गोंजारून काढा," ती म्हणाली आणि ट्रंकेतून मोरपंखी लुगडं काढून उन्हात टाकलं.

गाव हसलं तर हसू दे, असं तात्यांनी रात्रंदिवस स्वतःला समजावलं. आठवडाभर हसेल, मग कोणाच्या तरी लग्नात दुसरा विषय मिळेल. पण मनकर्णा? सव्वा वर्ष तिने "मग? मग?" म्हणून ऐकलं, ते सगळं थापांचं पोतं होतं हे तिला कळणार. मग पुढच्या रविवारी ती गाईखाली बसून काही विचारणार नाही. नुसता धारेचा आवाज येत राहील. तात्यांना त्या आवाजाचीच भीती वाटत होती.

रविवारी अकराला पिकअप गेली. मागे राहिली गावातली गडी माणसं आणि बायकांच्या हाताला सोकावलेल्या गाई. संध्याकाळी सहाला डेअरीवर नुसत्या पुरुषांची रांग लागली. कोणी लंगडत होता, कोणाच्या पोटरीवर खुराचा ठसा होता. तात्यांना तर चितकबरीने दोनदा किटलीसकट लवंडवलं होतं. तेवढ्यात पिकअप येऊन थेट डेअरीसमोरच थांबली. बायका उतरल्या. केसांत गजरे, हातात बाजाराच्या पिशव्या, आणि सगळ्यांचे चेहरे कसे सणासुदीला न्हाऊन आल्यासारखे टवटवीत.

"काय लंकाबाई," काकासाहेब म्हणाले, "कसा हुता पिक्चर?"

तात्यांनी किटलीचं झाकण घट्ट धरलं.

"काय सांगू, काका! पहार घेऊन भित पाडली तिनं," लंकाबाई म्हणाली. "काळजाचं पानी झालं."

तात्यांचा आ वासला. खरंच पाडली?

"पहार कुठं, कुदळ हुती," दुसरी एक म्हणाली.

"कुदळ न्हाई बाई, दोघींनी मिळून हातानी पाडली," तिसरी.

"आन नवरा मधी आला, त्याला इटेचा मार बसला," चौथीने भर घातली.

तात्यांना घाम फुटला आणि त्याचबरोबर थोडा अभिमानही वाटला. झोपेत आपल्याला पिक्चर दिसतो की काय, अशी शंकासुद्धा त्यांच्या मनात येऊन गेली. मग त्यांनी मोनिकाकडे पाहिलं. ती तोंडावर ओढणी दाबून हलत होती. शेवटी तिला आवरेना.

"काका, एकीचंबी ऐकू नका!" ती म्हणाली. "इंटरवल झाला, दिवे गेले आन समद्या आडव्या! मी वळून बघितलं तर अकराच्या अकरा जनी एकमेकींच्या खांद्यावर. आत्याबाई तर अशा घोरत हुत्या की फुडचा मानूस उठून दुसरीकडं बसला."

"मी डोळे मिटून ऐकत हुते," लंकाबाई तडकून म्हणाली.

"आन भित पडतच न्हाई, आत्याबाई. थोरली भितीला एक खिडकी पाडती आन तिथून धाकटीच्या पोराला भाकरी देती. पिक्चर संपतो." मोनिकाचं हसू थांबलं, आणि ती हळूच तात्यांकडे वळली. "तात्या, मग पहार आली कुठून?"

डेअरीवरची सगळी तोंडं फिरली. काकासाहेबांचा हात मशीनवर तसाच राहिला. तात्यांनी एकवार मनकर्णाकडे बघितलं. ती पिकअपच्या फाळक्याला टेकून उभी होती, शाल हातावर, चेहरा अगदी शांत.

"मीबी झोपलो हुतो," तात्या म्हणाले. "इंटरवलनंतर. दर रयवारी झोपतो. सव्वा वरीस झालं."

मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही, पण लंकाबाई जमिनीवर बसून हसली एवढं नक्की. काकासाहेब चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "म्हंजी सव्वा वरीस आमी अर्धं दूध आन अर्धं तात्या पीत हुतो!" ते म्हणाले, आणि रांगेतल्या लंगडणाऱ्यांनासुद्धा दुखणं विसरून हसावं लागलं. कोणी रागावलं नाही. उलट एकजण म्हणाला की खिडकीपेक्षा पहारच बरी होती, आणि पुढच्या सोमवारीही तात्यांनी इंटरवलनंतरचंच सांगावं.

तात्यांनी हसून घेतलं, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मनकर्णा हसली नव्हती.

घरी जाताना ती पुढे, ते किटली घेऊन मागे. ओढ्याच्या मोरीपाशी ती थांबली.

"दर रयवारी झोपत हुता?"

"चुकलं माझं," तात्या म्हणाले. "तुला खोटं सांगायला नको हुतं. तू मग-मग करायचीस, मला थांबवंना."

"खोट्याचं सोडा. खोटं चांगलं हुतं." तिचा आवाज चढला. "मी इचारते, झोपत हुता? दुपारचं? दोन दोन तास?"

तात्यांना आता कुठे अर्थ लागायला लागला.

"मी हितं घासाची कुट्टी करत हुते," मनकर्णाबाई म्हणाली. "शेन काढत हुते. पानी पाजत हुते. मला वाटायचं, जाऊ दे, त्यांना पिक्चरचा नाद हाय, बघू दे. आन तुमी तिथं झोपत हुता! अवो, लगीन होऊन आल्यापासून दुपारचं पाठ टेकलेली मला आठवत न्हाई. बाळंतपनं सोडून. आज झोपले. लंकीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. गार वारं, कोनी हाक मारत न्हाई, कोनती गाय हंबरत न्हाई. जाग आली तवा मला रडू आलं. बायांना वाटलं पिक्चर बघून रडते."

ज्याची आठवडाभर धास्ती घेतली, त्याची तिला पर्वाच नव्हती. आणि जे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं, तेच तिला लागलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज थापांच्या लाजेसारखी तिसऱ्या वेळेला कमी होणारी नव्हती.

"रयवारी मी जानार," ती म्हणाली.

"जा. कोनता पिक्चर?"

"कोनताबी. मोठ्या आवाजाचा नको."

पुढच्या रविवारी साडेअकराला पिकअप गेली. तात्यांनी शाल आठवणीने तिच्या हातात दिली. मग गोठा झाडला, पाचही गाईंना पाणी दाखवलं आणि कुट्टीच्या मशीनपाशी घासाचे भारे ओढून आणले. ऊन असं होतं की पत्र्याखाली उभं राहवेना. पापण्या जड व्हायला लागल्या. सव्वा वर्षाची सवय, ती थोडीच एका आठवड्यात जाणार होती? बाजेकडे नजर गेली, पण ते बसले नाहीत. डोक्यावर ओला पंचा टाकला आणि मोबाईलमध्ये वेळ बघितली.

दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती. म्हणजे इंटरवल झाला असेल. वडापाव खाऊन झाला असेल, दिवे गेले असतील. आता तिने शाल अंगावर ओढली असेल. आता डोळा लागला असेल.

तात्यांनी घासाचा भारा सोडला. सव्वा वर्षात त्यांनी कितीतरी पिक्चरना लांबड लावली म्हणून नावं ठेवली होती. आज मात्र उन्हात घाम पुसताना त्यांना मनापासून वाटलं की हा पिक्चर तीन तासांचा असावा, साडेतीन तासांचा असावा, गाणी पोटभर असावीत, आणि संपल्यावर झाडूवाल्याने खुर्च्या जरा हळू आपटाव्यात.