गोजराआजीच्या पायाची पट्टी

"आई, खरं खरं सांग, गोजराआजीचा पाय धुताना तुला ओकारी येत नाही का?"

सलोमीने हे विचारलं ते भर जेवणात, हातात भाकरीचा तुकडा धरून. पण पैज म्हणजे पैज. शाळेतून येताना सायली आणि सोनाली या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "वक्तृत्वाची ढाल आणलीस म्हणून लई धीट झालीस ना? मग विचारून दाखव आईला!"

बाबांनी, म्हणजे जयसिंगने, ताट बाजूला सारलं. हिंजवडीच्या कंपनीची बस दिवसभर चालवून माणूस भुकेजून आला होता. "घास तरी गिळू दे गं बाई."

आई मात्र शांतपणे म्हणाली, "येते की. रोज येते."

सलोमीचा पार हिरमोड झाला. 'माझी आई म्हणजे पोलाद,' असं तिने मैत्रिणींना छातीठोक सांगितलं होतं. "मग करतेस कशी?"

"उंबऱ्यावर उभी राहते. प्रभूला सांगते, मला जमत नाही. मग आत जाते."

हे काय उत्तर झालं? सलोमीने ढाल जिंकली होती ती 'माझी ताकद मीच' या भाषणावर, हात हवेत फेकून. आणि तिची स्वतःची आई लोकांच्या दारात उभी राहून 'जमत नाही' म्हणते? शी! हे ती मैत्रिणींना कोणत्या तोंडाने सांगणार होती?

गोजराआजी राहायची नांदे गावाच्या टोकाला, नव्या टॉवरच्या पाठीमागे, पत्र्याच्या खोलीत. सारा जन्म मेंढरांमागे डोंगर पालथे घातलेली बाई. अंगात साखर होती, त्यात पायात बाभळीचा काटा मोडला. ती जागा चिघळली आणि जखम घोट्यापर्यंत चढली. पुतण्या भैरू नाकाला टॉवेल लावून यायचा, भाकरी दारात ठेवायचा आणि पाठीमागे वाघ लागल्यासारखा पळायचा. पौडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम रोज धुवा, नाही तर पाय कापावा लागेल. आईने पूर्वी दवाखान्यात आयाचं काम केलेलं, म्हणून ती जायची.

आणि त्याच आठवड्यात आई मोरीत घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर, आणि आजीची पट्टी दोन दिवस तशीच.

"आता त्या म्हातारीचं कसं?" बाबा म्हणाले.

"मी जाते ना! त्यात काय!" सलोमी उठलीच.

"तुला घरातलं झुरळ मारता येत नाही."

"बाबा, सगळं मनावर असतं!"

आईने पिशवी भरून दिली आणि सांगितलं, "पाणी उकळून मीठ घाल, निवू दे. आधी मनगटावर थेंब टाकून बघ. तिच्या तळव्याला काही कळत नाही. आणि सलू, उंबऱ्यावर..."

"हो हो, कळलं!"

काही कळलं नव्हतं. तिने नाकाखाली बाम चोपडला, एकावर एक तीन मास्क चढवले, हातमोज्यांच्या दोन जोड्या घातल्या आणि कानात इयरफोन खुपसले. मोबाईलवर एक दादा ओरडत होता, "तू सिंह आहेस! जगाला डरकाळी ऐकव!" ढाल त्याच्याच जोरावर आली होती. उंबऱ्यावर ती थांबली नाही. सिंह कुठे थांबतो?

पाणी उकळून तांब्यात घेतलं, पट्टी सोडली आणि तीन मास्क फाडून वास आत आला. मेलेला उंदीर, आंबलेलं ताक आणि वर शेळीचं मूत. पिवळा पू पट्टीला चिकटून तारेसारखा ताणला गेला. त्या पिवळ्यात काहीतरी पांढरं वळवळत होतं. भाताची शितं, जिवंत. आजीच्या पायात अळ्या पडल्या होत्या.

"तू सिंह आहेस!"

सलोमीने डोळे बारीक केले आणि तांब्या ओतला. पाणी पोटरीवरून ओघळलं. आजीने तोंड मोठं उघडलं. सलोमीला वाटलं, जांभई असेल. तिने आणखी ओतलं. आजीने तिचा हात धरून गदागदा हलवला, तेव्हा एक इयरफोन गळून पडला.

"आगं भाजलं गं! बहिरी हाय का काय तू!"

दोन दोन हातमोज्यांतून पाणी किती गरम आहे ते सलोमीला समजलंच नव्हतं. पोटरी लालबुंद झाली होती. तेवढ्यात एक अळी मोज्यावर चढली आणि सलोमी ओकली. मास्कमध्येच. सकाळचे पोहे गालावरून, हनुवटीवरून गळ्यात उतरले. ती धूम पळाली, ती थेट शेळ्यांच्या गोठ्याशी. मास्क ओरबाडून काढले, पुन्हा ओकली. उरलेल्या कानात दादा अजून ओरडतच होता, "डरकाळी ऐकव!"

तिने इयरफोन उपटून खिशात कोंबला. तिला पायाची घाण वाटत होती, पण त्याहून जास्त स्वतःची. एका म्हातारीला भाजून पळालेला सिंह. शेळीसुद्धा तिच्याकडे बघून तोंड फिरवत होती.

घरी जावं. बाबा बरोबर बोलले होते, म्हणावं.

आतून आवाज आला. "पोरी, गेलीस व्हय? जा बाई. भैरूबी असाच पळतो. फकस्त माश्या बसत्यात गं, त्येवढ्या हाकलून जा."

सलोमी उठली. ती उंबऱ्यापाशी आली आणि तिला पुढे जाता येईना. आवेशाचं एक वाक्य आठवेना. आठवलं ते आईचंच, तेही रडत बाहेर पडलं.

"प्रभू, मला जमत नाही. खरंच जमत नाही. तू चल."

वीज चमकली नाही की वास कमी झाला नाही. पण पाय आत पडला. एवढंच झालं, आणि ते आपल्या ताकदीने झालेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मोज्यांची एक जोडी काढली, पाणी निववलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, पोटरीवर गार पाण्याचं फडकं ठेवलं. मग चिमट्याने एकेक अळी काढायला बसली. मधेच उमासा यायचा, ती तोंड फिरवायची, पुटपुटायची, परत वळायची.

"कुणाशी बोलतीस गं? तुजी आईबी दारात अशीच बोलती."

"येशूशी, आजी."

"त्यो वासानं पळून जात न्हाई व्हय?"

सलोमीला ओकारी आणि हसू एकदमच आलं. "न्हाई गं आजी. मी पळाले, तो हितंच होता."

"मग बरा हाय म्हणायचा. नीट दाब की पट्टी, मेंढराला बांधतीस का काय!"

संध्याकाळी आईने डाव्या हाताने ताटात भात वाढला. पांढरी, टपोरी शितं. सलोमीने ताट दूर ढकललं आणि ओढणी तोंडाला लावली.

बाबा हसले. "झालं का सिंहिणीचं? उद्या भैरूला सांगतो, दुसरं कोण तरी बघ म्हणून."

"नको." सलोमीने ओढणी खाली केली. चेहरा अजून हिरवट होता, पण आवाज ढाल घेतानापेक्षाही खणखणीत निघाला. "आई, बाबा, ऐका. मला त्या पायाची भयंकर किळस येते. उद्याही येणार. माझ्यात ती ताकद नाही, जरासुद्धा नाही. म्हणून मी उंबऱ्यावर थांबून प्रभूकडे मागणार आणि मगच आत जाणार. आजीच्या पायाची जखम भरेपर्यंत पट्टी मीच बदलणार."