रिच वाटेल असा पडदा

“छान आहे हो, पण रिच नाही वाटत.”

मॅडमनी तिसऱ्यांदा तेच म्हटलं, तशी पडदेवाली स्टुलावर उभ्या उभ्याच थिजली. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे.

पहिल्यांदा रिच म्हणजे सोनेरी लेस होती. दुसऱ्यांदा लेस नको, गोंडे हवेत. आता गोंडेही डोळ्यांत खुपायला लागले. “कसं सांगू तुम्हाला? नुसता हात लावला तरी कळलं पाहिजे. रिच!”

“आतून अस्तर लावू,” खालून मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे तिचा नवरा. “उद्या सकाळी लावूनच देतो.”

उद्या! उद्या पहाटेच लेकीकडे निघायचं ठरलं होतं. पोरीचे दिवस भरलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही.

घरी परतताना वाटेतच लेकीचा फोन आला. “आई, पहाटे निघतेस ना?”

“जरा उशीर होईल गं. एवढं रिच झालं की निघतेच.”

“काय झालं की?”

“माझं डोंबल. तू आडवी हो बघू.”

घरी येऊन तिनं गोंडे उसवले आणि लेकीसाठी औषधं आणायला गेली. मास्तर मशीनवर बसले. अस्तर नेमकं कडेला कमी पडलं. फळीवर पांढऱ्या कापडाची एक घडी दिसली. उरलंसुरलं असेल, म्हणून त्यांनी तीच जोडून टाकली.

सकाळी पडदा चढला. मॅडमनी कड हातात घेतली, गालाला लावली. “अय्या! हेच ते. बघा, आता कसं रिच वाटतंय!”

पडदेवालीनं हात लावून पाहिला आणि तिच्या बोटांना ओळखीचं रफू लागलं.

ही तर लेकीच्या लहानपणची चादर. बाळाला गुंडाळायला म्हणून तिनं जपून ठेवलेली. परवाच घडी घालताना गुणगुणली होती:

धुता धुता सूत, झालं साईच्या गं वाणी
निजेल त्यात तान्हं, जसं पानावर पाणी

“काढा खाली,” ती म्हणाली.

“अगं, बाळाला नवं कोरं घेऊ की,” मास्तर कुजबुजले.

“नवं टोचतं. शिवायच्या आधी विचारायला जीभ झडली होती तुमची?”

“अहो, पण आत्ता कुठे मनासारखं झालं होतं!” मॅडम रडवेल्या झाल्या. “माझ्या पडद्याचं काय?”

“मी परत आले की करीन. नाहीतर दुसरा मास्तर बघा.”

मास्तरांनी डोळे मोठे केले, पण तिचं लक्षच नव्हतं. मॅडमच्या सोफ्याशी जमिनीवर फतकल मारून ती टाके उसवू लागली. ओढावं तर जुनं सूत फाटणार, म्हणून एकेक टाका कापायचा. घड्याळ पळत होतं आणि टाके संपत नव्हते. शेवटी मास्तर शेजारी टेकले, कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

“एवढे बारीक टाके कशाला घातलेत?” ती खेकसली.

“रिच हवं होतं ना.”

नेहमीची बस गेली. पुढच्या बसमध्ये उभ्यानं जाताना तिनं पिशवीतून चादरीची कड काढली. सुईनं पाडलेली भोकं रांगेत दिसत होती. नखानं घासून ती एकेक मिटवू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. जावई होते.

“आई, कुठवर आलात? आता थेट दवाखान्यातच या.”