गुरुलिंगअप्पांचे थेंब आणि मी

मित्रांनो, युसूफ वडगावच्या बाजारपेठेत गुरुलिंगअप्पांचे कापडाचे दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी, जी जुनी सागवानी आरामखुर्ची दिसते ती मी. माझा डावा हात जरा खिळखिळा झाला आहे आणि पाठीचे कापडही नंतर बदललेले आहे. पण बसलेल्या माणसाला मी आजवर कधी पाडलेले नाही, हे तुम्ही गावात कुणालाही विचारा.

माझा जन्म धर्मराज सुतारांच्या हातून झाला. त्यांनी रंधा मारमारून मला गुळगुळीत केले आणि पाठीमागे तीन खाचा पाडल्या. दांडी वरच्या खाचेत अडकवली की माणूस ताठ बसतो, मधल्या खाचेत टेकून बसतो आणि खालच्या खाचेत घातली की त्याचे तोंड थेट आढ्याकडे होते. अप्पांनी दुकानातलेच जाड पट्ट्यापट्ट्यांचे कापड मला लावले आणि मला गल्ल्याशेजारी मांडले. लग्नसराईत किती वरबाप, किती वधूबाप माझ्यावर टेकले असतील! "अप्पा, कापड मागून दाखवा, आदी ह्या खुर्चीत जरा बसू द्या," असे म्हणणारी गिऱ्हाइके होती. अशा वेळी मला फार बरे वाटायचे.

अप्पा माणूस मोठा दिलदार. कपाळावर भस्माचे पट्टे, तोंडात सदा गोष्ट आणि समोरच्याला काहीतरी दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुणी आले की चहा. कुणाचे डोके दुखले की आपल्या डब्यातली गोळी. कुणाचे पोट बिघडले की आपलेच चूर्ण. त्यांच्या पत्नी बसम्माकाकी म्हणायच्या, "अहो, तुमी डाक्टर हायत का दुकानदार?" अप्पा हसून सोडून द्यायचे. या देण्याच्या सवयीतूनच पुढे मोठा घोळ झाला.

मग दिवस पालटले. गावात रंगीत टीव्ही आले, चौकात एसटीडीचा पिवळा फलक लागला. अप्पांचा मुलगा केदारनाथ याने दुकानात तयार शर्ट-पँटी ठेवायला सुरुवात केली आणि एके दिवशी टेम्पोतून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. मला उचलून मागच्या खोलीत ठेवले. माझ्यावर न खपलेल्या कापडाचे ठाण रचले गेले. मित्रांनो, खरे सांगते, ठाण काही जड नव्हते. पण माणसाचे वजन पेलायची सवय झालेल्याला कापडाचे ओझे फार वाटते.

अशातच अप्पा आणि काकी कपिलधारला दर्शनाला गेले. परत आले ते अप्पा लंगडतच. झाले असे की पायऱ्या उतरताना बाजूने एक बाई प्रसाद घेऊन आली, ती अप्पांना दिसलीच नाही. तिला धडकून ते दोन पायऱ्या खाली गेले. "बाईच कुठून आली कळंना," अप्पा म्हणाले. पण काकींच्या मनात पाल चुकचुकली. अलीकडे अप्पा दाराच्या चौकटीला खांदा घासत, शेजारी ठेवलेला तांब्या लवंडत. समोरचे मात्र सगळे स्वच्छ दिसायचे. सुईत दोरासुद्धा ते ओवायचे.

काकी हट्टाने त्यांना अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. अप्पांना वाटले मोतीबिंदू असेल, ऑपरेशन झाले की संपले. बाईंनी तपासून सांगितले की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेची नजर गुपचूप जात राहते. गेलेली नजर परत येणार नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घातले तर उरलेली राखता येईल. त्यांनी अप्पांना दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, हेही विचारून घेतले होते आणि मगच ती छोटी बाटली लिहून दिली होती. दमा का विचारला, याकडे त्या दिवशी कुणाचेच लक्ष गेले नाही.

थेंब घालायची पहिली तऱ्हा तुम्ही पाहायला हवी होती! अप्पा भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहायचे, बाटली उंच धरायचे आणि ऐन वेळी डोळा मिटायचे. एक थेंब गालावर, एक मिशीवर. मग रागाने ते बाटलीचे तोंड पापण्यांच्या केसांना टेकवून पाच-सहा थेंब एकदम पिळायचे.

"आवं, डोळा ऱ्हायला कोरडा," काकी म्हणाल्या, "मिशीचा काचबिंदू तेवडा बरा व्हनार बगा!"

अप्पांनाही हसू फुटले. काकींनी तिथल्या तिथे माझ्यावरचे ठाण उचलून बाजूला केले, धूळ झटकली आणि दांडी खालच्या खाचेत घातली. इतक्या वर्षांत त्या खाचेला कुणी हात लावला नव्हता. अप्पा टेकले आणि त्यांचे तोंड अगदी आढ्याकडे झाले. काकींनी हात साबणाने धुतले, बोटाने खालची पापणी हलकेच ओढली. तिथे छोटीशी खळगी झाली. बाटली कुठेही न टेकवता त्यात एकच थेंब सोडला. मग अप्पांनी डोळा अलगद मिटायचा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात उतरत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे सगळे काकींना करून दाखवले होते. बाटली उघडली तो दिवस काकींनी तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवला, कारण उघडलेली बाटली महिनाभरानंतर औषध उरले तरी टाकून द्यायची असते.

अशी मी पुन्हा कामाला लागले. सकाळ-संध्याकाळ अप्पा माझ्यावर यायचे आणि मी मनातल्या मनात ताठ व्हायचे.

तो बाजारचा दिवस होता. अप्पांचे जिवाभावाचे मित्र अर्जुनराव शेतातून मोटारसायकलवर आले. ज्वारीची मळणी चालू होती, तिच्या भुसकटाने त्यांचे डोळे लालभडक झाले होते. अर्जुनराव मोठे शेतकरी, आवाज असा की बैल दचकावेत. पण त्यांना जुना दमा होता. धूळ फार झाली की छाती वाजायची. काकी मंदिरात गेल्या होत्या.

"लई चुरचुरायलंय बे गुरुलिंग," ते डोळे चोळत म्हणाले.

"चोळू नको, बस हितं," अप्पा म्हणाले. "माझ्याकडं अंबाजोगाईचं औषध हाय. भारी हाय. दोन दोन थेंब टाकतो."

"मला चालंल का पन?"

"कावून चालनार न्हाई? डोळा तो डोळाच की."

अर्जुनराव माझ्यावर टेकले. अप्पांनी उदार मनाने दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. दोघे गप्पा मारू लागले. थोड्याच वेळात अर्जुनरावांचे बोलणे तुटू लागले. एक शब्द, मग श्वास. मग नुसताच श्वास. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि त्यांच्या मुठी माझ्या हातांवर आवळल्या होत्या. माझा डावा हात खिळखिळा झाला तो त्याच दिवशी.

काकी दारात आल्या आणि एका नजरेत त्यांना सगळे कळले. "थेंब घातले का? डाक्टरीणबाईंनी दमा हाय का म्हनून इचारलं व्हतं की! अर्जुनरावांना दमा हाय, ठाऊक न्हाई का तुमाला!"

 केदारनाथने धावत जाऊन शेजारची जीप आणली. चौघे मिळून अर्जुनरावांना उचलत असताना काकी मागे वळल्या आणि फळीवरची बाटली त्यांनी पदरात बांधली. जीप केजच्या दवाखान्याकडे धुरळा उडवत गेली. मी रिकाम्या खोलीत वाट पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी कळले की अर्जुनराव वाचले. डॉक्टरांनी विचारले, यांनी काय घेतले होते? काकींनी पदराची गाठ सोडून बाटली पुढे केली. नाव वाचताच डॉक्टरांना उलगडा झाला आणि त्यांनी लगेच ऑक्सिजन लावून इंजेक्शन दिले. थेंब डोळ्यात घातला तरी थोडे औषध नाकातून रक्तात उतरते, आणि या औषधाने दमेकऱ्याची श्वासाची वाट आवळली जाते, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितले. अप्पांना जे औषध तारत होते, तेच अर्जुनरावांच्या जिवावर उठले होते.

अप्पा घरी आले आणि त्यांनी बाटली कपाटाच्या वर ढकलून दिली.

"अहो, थेंबाची येळ झाली," काकी म्हणाल्या.

"न्हाई घालनार. ज्यानं माझा दोस्त मरू लागलता, ते इख मी डोळ्यात घालू?"

काकींनी समजावले, केदारनाथने समजावले. अप्पा ऐकेनात. दुकानात त्यांची गोष्ट बंद झाली, चहा बंद झाला. मी खालच्या खाचेत दांडी घालून तयार होते. पण माझ्याकडे कुणी फिरकेना. त्यांची नजर आतल्या आत झिजत असणार, आणि त्यांना ते समजणारही नाही, या विचाराने मला फार वाईट वाटे.

मग एका सकाळी बाहेर ओळखीची मोटारसायकल थांबली. अर्जुनराव आत आले. थोडे वाळले होते, पण आवाज तोच होता.

"काय बे, थेंब सोडलेस म्हनं?"

अप्पांनी मान खाली घातली. "तुझ्यापुढं तोंड दाखवायला जागा न्हाई मला, अर्जुनराव."

"तोंड ऱ्हाऊ दे, डोळे दाखव. औषध वाईट न्हाई, तू ते भलत्याच डोळ्यात घातलंस. आन् मीबी तसलाच शहाना. दमा हाय म्हनून सांगायचं सोडून खुर्चीत पसरलो. आता तू आंधळा झालास तर बाजारात मी भांडू कुनाशी?"

असे म्हणून त्यांनी अप्पांचा दंड धरला आणि त्यांना माझ्यावर बसवले. काकी बाटली घेऊन आल्या. आधी त्यांनी तारीख पाहिली, ती बाटली टाकून दिली आणि केदारनाथला औषधाच्या दुकानातून नवी आणायला पिटाळले. तोवर अप्पांच्या डोळ्यांना धार लागली.

"आदी रडून घ्या," काकी म्हणाल्या, "न्हाईतर थेंब वाहून जाईल."

अर्जुनराव इतके मोठ्याने हसले की दुकानातली गिऱ्हाइके आत डोकावली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी अप्पांना चांगलेच फैलावर घेतले. थेंब बंद होते तेवढ्यात दाब पुन्हा चढला होता. "काही त्रास झाला, शंका आली तर माझ्याकडे या, पण आपल्या मनाने थांबवू नका," त्या म्हणाल्या. नियमाने थेंब सुरू झाल्यावर दाब खाली आला आणि तिथेच टिकला. त्यांनी आणखी एक सांगितले. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, तेव्हा मुलाचे डोळे तपासून घ्या.

केदारनाथ उडवूनच लावायचा. "मला काय झालंय? मला सगळं दिसतंय की."

एरवी अप्पांनी त्याला लांबलचक गोष्ट ऐकवली असती. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "मलाबी सगळं दिसत होतं, बाबा."

 दुसऱ्या दिवशी केदारनाथने दुकान आईवर सोडले आणि अंबाजोगाईची एसटी पकडली.

त्याच्या डोळ्यांतही दाब वाढलेला निघाला. पण नजर अजून जराही गेलेली नव्हती. बाईंनी त्यालाही दमा विचारला, हृदयाचे विचारले आणि त्याच्यासाठी वेगळी बाटली लिहून दिली. ही बातमी ऐकून घर उदास होईल असे मला वाटले होते. अप्पांनी मात्र पेढे वाटले! "पोरगं वेळेवर सापडलं," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. आता ते कुणाला आपली गोळी देत नाहीत. कापड मोजता मोजता "डोळे तपासलेत का?" असे मात्र ज्याला त्याला विचारतात.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. माझा हात निखळला तर सुतार खिळा ठोकून देईल. तुमच्या नजरेला असा सुतार नाही. घरात कुणी थेंब घालत असेल तर त्यांना वेळेची आठवण करा, हात धुऊन मदत करा आणि एकाचे औषध दुसऱ्याच्या डोळ्यात कधी जाऊ देऊ नका.

आज सकाळी केदारनाथ माझ्यावर टेकला होता आणि अप्पा शेजारी लाल खुर्चीत. दोघांच्या बाटल्या वेगळ्या, दोघांचे डोळे मिटलेले, दोघांची बोटे नाकाच्या कडेला. कुणी हूं की चूं करत नव्हते.

"ह्या घरात एवडी शांतता दुसऱ्या कशानंच होत न्हाई," असे म्हणत बसम्माकाकी चहा टाकायला गेल्या.