झडपेवरचा धोंडा

कोळसा माझा होता आणि कुकरसमोर उभा सासराही माझाच. त्या दिवशी त्यांचं बरंवाईट झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

कुरुंद्यात हळद शिजवावी तर संतराम मिस्त्रीनंच, असं लोक म्हणतात. तीस वर्षं मामंजींनी बाभळीच्या लाकडावर हळद शिजवायचा वाफेचा कुकर चालवला. आम्ही बायकांनी बचत गटातून मशीन आणलं, शेतात जाळून टाकायच्या कापसाच्या पऱ्हाटीचा भुगा दाबून पांढरा कोळसा काढू लागलो, तेव्हा ते हसले होते. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले. अखेर भागवत पाटलांच्या हळदीला ते तयार झाले. त्यांनी घेतला म्हटल्यावर हट्ट्याच्या कुकरवाल्या गुलाबसिंगानंही सकाळीच दहा पोती नेली. मी हवेतच होते.

जाळ पेटला. मामंजींनी सवयीनं पाण्याच्या टाकीवरच्या झडपेच्या दांडीवर धोंडा ठेवला. दाब फार झाला की ही झडप उघडून वाफ सोडते. पण लाकडाची धग मंद. वाफ वाया जाऊ नये म्हणून इथले सगळेच कुकरवाले धोंडा ठेवतात. लग्न झाल्यापासून मी तो रोज पाहत आले, म्हणूनच तो माझ्या नजरेत आला नाही.

अर्ध्या तासात टाकी घुमायला लागली. मामंजी दाब कानानं ओळखत. दाबाच्या काट्याची काच कधीची धुरानं काळवंडलेली. मी पदरानं ती पुसली. काटा लाल पट्टा ओलांडून शेवटाला टेकला होता.

मी सांगताच त्यांनी लांब आकड्यानं जाळ ओढायला घेतला. लाकूड अख्खं बाहेर येतं. कोळसा फुटला, पसरला आणि जास्तच फुलला. पलीकडे अनुसयाबाई आणि दोघी जणी पिंपात हळद भरत होत्या. मामंजींनी त्यांना बांधावर पिटाळलं. मलाही जा म्हणाले. मी हलले नाही, आणि तेव्हा कुठं मला तो दिसला.

"मामंजी, धोंडा."

त्यांनी वर पाहिलं. चेहरा पडला. आकडा उलटा धरून ते पुढं सरकले. पहिल्या ठोक्याला धोंडा नुसता हलला. दुसऱ्याला पडला आणि वाफ किंचाळत सुटली.

काटा उतरू लागला. मामंजी ढेकळांत बसले होते, उजवा हात वाफेनं कोपरापर्यंत लाल. मी पाणी ओतत होते, रडत होते. मला त्यांचा राग आला होता, त्याहून जास्त माझा. आमच्या कोळशाची धग जास्त, असं मी गावभर मिरवलं. ती धग झेलणाऱ्याला एक शब्द विचारला नव्हता.

पाटील धावत आले. कोळसा फेका, लाकूड आणतो, म्हणाले. मामंजींनी मान डोलावली असती तर तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

"कोळसा बराबर हाये. धोंडा म्या ठेवला व्हता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गुलाबसिंगाला फोन लाव."

त्यानं नुकताच जाळ लावला होता. धोंड्याचं सांगितलं तर हसला. तुमचे मामंजीच ठेवतात की, म्हणाला. मामंजींनी भाजल्या हातानंच फोन ओढून घेतला.

"संतराम बोलून राहिलो. चुकलो म्या. हात भाजला. आदी धोंडा काढ, मंग बोल."

पलीकडून धावत्या पावलांचा आवाज आला. मग काहीतरी जड जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं.