पक्षीबाबांची पेटी

"बोल, मुक्या पाखरा, बोल!"

पक्षीबाबांनी चांदीच्या गडूतून गंगेचं तीर्थ पेटीत ओतलं आणि पेठ रोडवरचा अख्खा मंडप श्वास रोखून बसला. शिष्य दांडा फिरवतच होता. त्या जुन्या विलायती वाजत्या पेटीतून आतापर्यंत नुसती सपक शिट्टी येत होती. आता आतून पाखरू असं किलबिललं, की बायकांनी पदर पसरले.

मागे बसलेल्या सावळीराम गुरुजींनी ती किलबिल लगेच ओळखली. ते पाखरू त्यांनीच तर दुरुस्त केलं होतं! निवृत्त झाल्यावर या विज्ञानाच्या मास्तरांना जुनी वाद्यं नीट करायचा नाद लागला होता. उन्हाळ्यात एक गोडबोल्या माणूस ही पेटी घेऊन आला. "संग्रहालयात ठेवायचीय," म्हणाला. गुरुजींनी हौसेनं पेटीतली फुटकी वाटी बदलून दिली होती.

"मुक्या लाकडाला बोलतं करणारा मुक्या लेकराला बोलतं नाही करणार?" बाबा गरजले. "पण कानात यंत्र असेल, तर कृपा शिरणार कुठून? यंत्र गंगेत सोडा!"

कळवणची झुंबरबाई पुढे आली. कडेवर चार वर्षांची तेजल, तिची नात. पोरीला जन्मापासून कमी ऐकू यायचं. यंत्र लावून विशेष शाळेत जायला लागल्यावर ती आता कुठे 'आई' म्हणू लागली होती. झुंबरबाईनं ते यंत्र काढून गंगेत सोडायला म्हणून बाबांपुढच्या कुंकवाच्या ताटात ठेवलं.

"आजी, थांबा!" गुरुजी धावले.

"मास्तर, मधी नका येऊ. यंत्रानं येकच शब्द आला. मला लय आईकायचंय तिच्या तोंडून."

गुरुजी बाबांकडे वळले. "महाराज, झाकण उघडून दाखवा. आत काय आहे?"

"आत देव आहे!"

"आत पाण्याच्या वाटीत बुडवलेली शिट्टी आहे. वाटी मीच बसवलीय."

"ओ म्हातारबाबा, खाली बसा!" कुणीतरी त्यांचा सदरा ओढला.

गुरुजी मंडपाबाहेर गेले आणि खेळण्यांच्या गाडीवरून प्लास्टिकचा शिट्टीवाला पोपट घेऊन आले. कोरडा फुंकला, सपक शिट्टी वाजली. मग बाटलीतलं नळाचं पाणी त्यात ओतून पुन्हा फुंकला. तीच किलबिल!

"हवा पाण्यातून बुडबुडे काढत जाते, म्हणून सूर थरथरतो. इथे मी फुंकतो, पेटीत भाता फुंकतो. एवढंच."

"त्या पोपटातही माझीच कृपा आहे!" बाबा ओरडले.

"मंग बाहेर गाडीवर डझनानं इकत्यात की तुमची कृपा!" एक बाई म्हणाली आणि मंडपात हशा पिकला.

तरीही बाबांचं तीर्थ न्यायला लागलेली रांग निम्मीच मोडली. बाकीचे बाटल्या घेऊन तसेच उभे राहिले. गुरुजींना ते फार लागलं.

झुंबरबाई मात्र हसली नाही. यंत्रावर पडलेलं कुंकू तिनं पदरानं पुसलं आणि ते नातीच्या कानात बसवलं. गुरुजींनी तेजलच्या पाठीमागे जाऊन पोपट वाजवला.

तेजलनं गर्रकन मान वळवली.

"दुसरा शब्द येईल, आजी. वेळ लागेल, पण शाळा सोडू नका," गुरुजी म्हणाले. "आणि यापुढे कुणीही असं नवल दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच सांगा, झाकण उघड."