नजरेचं माप

मी शिंप्याची टेप बोलतेय. हो, तीच, मास्तरांच्या गळ्यात दिवसभर लोंबणारी. अंगावरच इंच छापलेत, त्यामुळे मला खोटं बोलायची सोय नाही. लोक श्वास रोखून पोट आत घेतात, पण माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

मास्तरांच्या हातात कला होती, पण डोक्यात जात पक्की बसलेली. खालच्या जातीचं गिऱ्हाईक आलं की मला गळ्यातून काढायचेच नाहीत. "तिथंच उभा राहा, नजरेनं घेतो माप," म्हणायचे आणि चांगला दोन इंच ढिला शर्ट शिवून द्यायचे. गिऱ्हाईक बिचारं गोणपाटात शिरल्यासारखं दिसायचं. मला मेलीला लाज वाटायची.

मास्तरांची लेक दुकानात शिवायला बसायची. एकदा पंखा बिघडला म्हणून वायरमन आला. मग त्याच महिन्यात तो पंखा आणखी तीनदा बिघडला! अहो, बिघडतो कसला? लेकच बटणामागची वायर ढिली करून ठेवायची. मास्तर बाहेर गेले की मी समोरच्या खुंटीवर, मला सगळं दिसत होतं.

वायरमनही मास्तरांच्या लेखी खालच्याच जातीचा. त्यानं शर्टाचं कापड आणलं, तेव्हा मास्तरांनी लांबूनच डोळे बारीक करून माप घेतलं. दुसऱ्या दिवशी मास्तर अस्तर आणायला गेले आणि लेकीनं त्याला बोलावून मला त्याच्या खांद्यावर ठेवलं. त्यानं मान वळवून विचारलं,

"किती भरला?"

"हलू नकोस ना, चुकेल."

सतरा भरला. तरी तिनं तीनदा मोजला.

शर्ट तिनंच बेतला, तिनंच शिवला, आणि तिथंच फसली. जीव ओतून इतका चोख शिवला, की वायरमन तो घालून दाखवायला आला तेव्हा मास्तरांची नजर खांद्याच्या शिवणीवरच अडकली.

"हा नजरेचा खांदा नाही. टेप लावलीस?"

"लावली, बाबा."

"त्याच्या अंगाला?"

"मग काय भिंतीला लावू? लग्न करणार आहे मी त्याच्याशी."

मास्तर पांढरेफटक पडले. मला उचलून त्यांनी रस्त्यावर भिरकावलं. "एक तर तो, नाहीतर हे घर. गेलीस तर तू आम्हाला मेलीस!"

आतून आई धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली. लेकीनं मला उचललं, धूळ झटकली आणि रडत रडत त्याच्याबरोबर निघाली.

दोन वर्षं झाली. एका खोलीत त्यांचा संसार आहे, तिथंच लेक शिवणकाम करते. माझे सुरुवातीचे आकडे पुसत आलेत. मास्तर काही आले नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि आठवणही येते. मास्तर, तुमचाही खांदा मी मोजलाय आणि जावयाचाही. जात कितव्या इंचावर असते, ते मला अजून सापडलेलं नाही. या हो एकदा.

आई मात्र येते, चोरून. शिंप्याची बायको ती, तिला शिवून घ्यायला दुसरीकडे कशाला जायला हवं? तरी दर पंधरा दिवसांनी ब्लाउजचं माप द्यायला येते. बसत नाही. "पटकन घे गं, ह्यांना कळेल," म्हणते. लेक मला हातात धरून आईच्या पाठीमागून हात घालते आणि तशीच थांबते. दोघींच्या मध्ये मी चुरगळून जाते. आकडा कुणीच बघत नाही.

"झालं का माप?" आई विचारते.

"नाही गं. थांब ना, अजून नाही."